पंखा नंतर, आधी हवेची वाट: घरी बांधलेल्या विमानातलं एव्हिऑनिक्स (पॅनेलमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) थंड कसं ठेवायचं

गेल्या मे महिन्यात सकाळच्या गार हवेत उडून एका लहान धावपट्टीवर उतरलो. विमान उन्हात लावलं, कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बंद केली, कामं आटोपली आणि दुपारी अडीचला परत निघालो. इंजिन सुरू झालं, रेडिओ लागला. टॅक्सी करत पट्टीच्या तोंडाशी येईपर्यंत मुख्य स्क्रीन आधी फिकी पडली आणि मग पार काळी झाली. चौकटीला बोट लावलं तर चटका बसला. इंजिन बंद केलं, कॅनोपी उघडली आणि पॅनेलवर चादर धरून उभा राहिलो. वीस मिनिटांनी स्क्रीन आपोआप परत आली.

त्या पॅनेलमागे दोन पंखे होते आणि दोन्ही व्यवस्थित फिरत होते. शेडमध्ये आणून ग्लेअरशील्ड, म्हणजे पॅनेलवरचं चकाकी अडवणारं काळं झाकण, काढलं तेव्हा खरं कारण दिसलं. पंखे आतली गरम हवा आतल्या आत घुसळत होते, कारण ती बाहेर पडायला मी जागाच ठेवली नव्हती. पुढचे दोन महिने तेच पॅनेल पुन्हा उघडून, मोजून, कापून दुरुस्त करण्यात गेले. ज्यांचं पॅनेल अजून कागदावर आहे त्यांचे हे दोन महिने वाचावेत म्हणून हा लेख.

मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाची २०१७ साली नोंदणी झाली. तेव्हापासून आपल्यातली बरीच मुलं घरी विमान बांधण्याबद्दल विचारतात. पंख, इंजिन, रिव्हेट यांबद्दल भरभरून विचारतात. पॅनेलच्या मागे काय चालतं, हा प्रश्न मात्र स्क्रीन काळी पडल्यावरच येतो.

१. उष्णता कुठून येते ते आधी समजून घ्या

पॅनेलमागची उष्णता तीन ठिकाणांहून येते. उपकरणं बॅटरीतून जेवढी वीज ओढतात, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. फक्त रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं उपकरण) प्रक्षेपण करताना तिचा थोडा भाग अँटेनातून बाहेर जातो. दुसरं ठिकाण सूर्य. पारदर्शक कॅनोपीखाली काळं ग्लेअरशील्ड म्हणजे उन्हात ठेवलेला तवाच. तिसरी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली भिंत. इंजिन बंद केल्यावर त्याची धग अर्धा तास तरी आत झिरपत राहते, आणि त्या वेळी आत हवा हलत नसते.

आता मर्यादा बघा. विमानातल्या उपकरणांच्या चाचण्या आरटीसीए या अमेरिकी संस्थेच्या डीओ-१६० या मानकानुसार होतात. त्यातल्या ए-१ वर्गात सलग चालण्यासाठी कमाल तापमान ५५ अंश सेल्सियस, थोड्या वेळापुरतं ७० आणि बंद अवस्थेत नुसतं टिकून राहण्यासाठी ८५ अंश आहे. तुमचं उपकरण कोणत्या वर्गात बसतं ते त्याच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. माझ्या विमानात दुपारी ग्लेअरशील्डखाली थर्मामीटर खोचला तेव्हा ६८ दाखवत होता, आणि तेव्हा एकही उपकरण चालू नव्हतं. म्हणजे बटण दाबायच्या आधीच ५५ ची रेषा मागे पडली होती.

ज्यांना वाटतं की स्क्रीन गेली तर टॅब्लेट आहेच, त्यांनी आयपॅडचा आकडा लक्षात ठेवावा: वापरताना भोवतालची हवा ० ते ३५ अंश. मे महिन्यात आमच्या इंदूरमध्ये सावलीतही तेवढं तापमान सकाळी दहालाच होतं. विंडशील्डला चिकटवलेला टॅब्लेट मुख्य स्क्रीनच्याही आधी तापमानाचा इशारा दाखवून बंद पडतो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याला पर्यायी साधन समजू नका.

उष्णतेचा दुसरा परिणाम लगेच दिसत नाही. उपकरणांच्या आत जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात त्यांचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. आज न तक्रार करणारा रेडिओ तीन उन्हाळ्यांनंतर खरखरायला लागतो आणि आपण अँटेनाचा जोड तपासत बसतो.

२. वॅटचा हिशेब कागदावर मांडा

प्रत्येक मॅन्युअलमध्ये १४ व्होल्टला किती अँपिअर लागतात ते दिलेलं असतं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. माझ्या दोन आसनी विमानाचा तक्ता असा झाला:

- दहा इंची मुख्य स्क्रीन: ३१ वॅट
- रेडिओ, नुसता ऐकताना: ६ वॅट
- ट्रान्सपाँडर: ११ वॅट
- इंटरकॉम आणि ऑडिओ: ६ वॅट
- जीपीएस: ४ वॅट
- इंजिन मॉनिटर: ४ वॅट
- ऑटोपायलटचा कंट्रोलर: ४ वॅट
- यूएसबी चार्जरमध्ये वाया जाणारी वीज: ३ वॅट

बेरीज ६९. रेडिओवर बोलताना तो जास्त खातो, त्याचे सरासरी ४ धरले आणि पुढे काहीतरी नवं बसवलं जाईलच म्हणून वाढवून सरळ १०० वॅट पकडले. शंभर वॅटचा पिवळा दिवा बंद खोक्यात ठेवला तर खोकं किती तापेल, हे आपल्या पिढीला सांगायची गरज नाही.

आता हवा किती लागेल? इथे आपल्या गावाची उंची आणि ऊन दोन्ही मध्ये येतात. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५६४ मीटर, म्हणजे १८५० फुटांवर आहे. ४२ अंशांच्या दुपारी इथली घनता-उंची (हवा जेवढी विरळ आहे त्यानुसार धरलेली उंची) साधारण साडेपाच हजार फूट होते, आणि हवा प्रमाण समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा १४ ते १५ टक्के विरळ असते. पंखा दर मिनिटाला तेवढेच घनफूट ढकलतो, पण त्या घनफुटात हवाच कमी असते, म्हणून उष्णताही कमी उचलली जाते. या हवेत मिनिटाला एक घनफूट प्रवाह हवेचं तापमान एक अंश वाढवताना सुमारे अर्धा वॅट घेऊन जातो. म्हणजे १०० वॅट काढायचे आणि हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, तर मिनिटाला २० घनफूट हवा हवी. पंखेवाले यालाच २० सीएफएम म्हणतात. बडोद्याच्या मित्रासाठी हाच हिशेब केला तेव्हा आकडा किंचित कमी आला, कारण ते शहर बरंच खाली आहे.

वर गेल्यावर हवा आणखी विरळ होते, पण दर हजार फुटांना सुमारे २ अंशांनी गारही होते, त्यामुळे उडताना पॅनेल सहसा सुखात असतं. खरी कसोटी जमिनीवरच असते: इंजिन सुरू करून उड्डाणापर्यंतची दहा-पंधरा मिनिटं.

३. सामान आणि हत्यारं

- बिनब्रशचे, बॉल बेअरिंगचे डीसी पंखे. ब्रशच्या मोटारीत ठिणगी उडते. पेट्रोलच्या वासाची शक्यता असलेल्या कॉकपिटमध्ये ती नकोच.
- बसवायच्या ट्रेच्या मागे हवेच्या नळीची तोटी असलेले रेडिओ असतील तर तीन किंवा पाच तोंडांचा ब्लोअर आणि ५/८ इंची विमानाची नळी.
- टेफझेल (विमानात वापरतात त्या आवरणाची) वायर २२ गेज, १ अँपिअरचे फ्यूज, वायरीतली खरखर अडवणारे फेराइटचे मणी.
- धुता येणारी विरळ जाळीची फिल्टर फोम आणि बारीक स्टीलची जाळी.
- के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावता येणारा मल्टिमीटर, शक्यतो दोन.
- तापमान-पट्ट्या. एकदा ठरावीक तापमान गाठलं की पट्टीवरचा ठिपका कायमचा काळा होतो.
- १३.८ व्होल्टचा टेबलावरचा पॉवर सप्लाय.
- कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर.
- उदबत्त्या. कशाला ते पुढे येईल.

पंखे, फ्यूज, कनेक्टर इंदूरच्या जेल रोडवर मिळतात. जाळी, क्लिप, रबरी ग्रोमेट इथल्याच सियागंज बाजारात. वायर आणि नळी मात्र विमानाचीच घ्या. साध्या पीव्हीसीच्या नळीला आणि वायरीला आग लागली तर बंद कॉकपिटमध्ये तिचा धूर फार वाईट असतो. इथे पैसे वाचवू नका.

४. हवेची वाट आखा

हे सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे आणि ते पॅनेल कापण्याआधी करायचं आहे.

पॅनेलमागची जागा एक खोली आहे असं समजा. हवा आत यायला एक दार आणि बाहेर जायला दुसरं दार लागतं, आणि दोन्हींच्या मध्ये उपकरणं असली पाहिजेत. आतलं दार खाली ठेवा, पायांजवळ. तिथे सावली असते आणि कॉकपिटमधली सर्वांत गार हवा तिथेच असते. बाहेरचं दार वर, ग्लेअरशील्डच्या पुढच्या कडेला, विंडशील्डला लागून. गरम हवा आपसूक वर जाते, त्यामुळे पंखा बंद पडला तरी थोडा प्रवाह चालू राहतो. पंखे वरच्या दारात बसवून ते वर ओढतील असे लावले की हीच हवा काचेवर जाते आणि पावसाळ्यात काचेवरचं धुकं पुसते. एका खर्चात दोन कामं होतात.

दारं किती मोठी असावीत? ८० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड साधारण ५० चौरस सेंटिमीटर असतं. आत यायची जागा सगळ्या पंख्यांच्या तोंडांच्या बेरजेच्या दीडपट तरी ठेवा. पॅनेल खालून उघडं असेल तर हे आपोआप होतं. पण नीटनेटकं दिसावं म्हणून बरेच जण खाली झाकणी लावतात आणि तिथेच श्वास कोंडतो. माझ्याही विमानात तेच होतं: सुंदर, चामड्यासारख्या कापडाने मढवलेली झाकणी. आता तिला भोकांच्या दोन ओळी आहेत.

बाहेरची हवा थेट रेडिओवर आणायचा मोह होतो. विमान पुढे जातं, हवा आपोआप आत येते, पंखाच नको. जुन्या काळी कारखान्यात बनलेल्या लहान विमानांतही असं करत. त्याच नळीतून पावसाचं पाणी, दमट हवा आणि धूळ सरळ रेडिओत जाते. शिवाय जमिनीवर, जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे विमान उभं असल्याने त्या नळीतून काहीच येत नाही. मी हा मार्ग अजिबात सुचवणार नाही.

इंजिनच्या बाजूची हवा तर कोणत्याही परिस्थितीत आत घेऊ नका. पंखा कमी दाब तयार करतो. फायरवॉलमधल्या वायरींच्या भोकाभोवती फट राहिली असेल तर तो तिथूनही ओढेल, आणि त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. पंखे बसवण्याआधी फायरवॉलची प्रत्येक फट उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बंद करा. कॉकपिटमध्ये डिटेक्टर ठेवा, पंखे पूर्ण वेगात चालवून त्याचा आकडा बघा.

उदबत्ती यासाठी. पॅनेल अजून शेडमध्ये टेबलावर असताना पुठ्ठ्याने कॉकपिटचा नमुना बनवा: बाजू, फायरवॉल, वर ग्लेअरशील्ड. पंखे लावा, उदबत्ती पेटवा आणि खालच्या दाराशी धरा. धूर उपकरणांच्या अंगावरून जातो की कोपऱ्यातून सरळ पळून वर निघतो, ते डोळ्यांना दिसतं. माझ्या पहिल्या रचनेत सगळा धूर डावीकडून गेला आणि उजवीकडची रेडिओंची चळत तशीच कोरडी राहिली. पुठ्ठ्याची एक उभी आडपट्टी लावली, धूर वळला. तीच पट्टी नंतर पत्र्याची करून बसवली. ही चाचणी टेबलावरच करायची. टाकीत एकदा पेट्रोल गेलं की विमानाजवळ उदबत्ती नाही, काडी नाही.

५. पंखा निवडताना

पंख्यावर छापलेला सीएफएम मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, मागे वळण, मध्ये वायरींचा जुडगा आला की मी त्याच्या निम्माच धरतो. २० हवे असतील तर छापील ४० चे घ्या, आणि ते एका मोठ्या पंख्याऐवजी दोन लहान पंख्यांत वाटा.

दोन पंख्यांत एक सापळा आहे. शेजारी शेजारी लावलेल्या दोघांपैकी एक बंद पडला तर दुसरा समोरची उपकरणं सोडून बंद पंख्याच्या उघड्या तोंडातूनच हवा ओढतो. ती हवा एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, नुसती चक्कर मारते. म्हणून पंखे लांब लांब ठेवा आणि मध्ये आडपट्टी घाला. डावा डावीकडची उपकरणं सांभाळेल, उजवा उजवीकडची.

ज्या रेडिओंना मागे तोटी आहे त्यांच्यासाठी पात्यांचा साधा पंखा चालत नाही. लांब, अरुंद नळीतून हवा ढकलायला दाब लागतो, आणि तो गोगलगायीच्या आकाराचा ब्लोअर देतो. नळी जितकी आखूड आणि सरळ तितकी बरी. काही आधुनिक उपकरणांत आतच पंखा असतो. त्याची हवा कुठून येते आणि कुठे जाते ते मॅन्युअलमध्ये बघा. तुमचा पंखा त्याच्या विरुद्ध ढकलत असेल तर दोघेही थकतील.

संगणकाच्या दुकानातला स्वस्त पंखा घेण्याआधी त्याचं कमाल व्होल्टेज वाचा. आपल्या १२ व्होल्टच्या विमानात ऑल्टरनेटर चालू असताना बसवर (उपकरणांना वीज वाटणाऱ्या सामाईक पट्टीवर) १४ ते १४.४ व्होल्ट असतात. कित्येक १२ व्होल्टचे पंखे १३.८ पर्यंतच चालवायचे असतात.

पंखा थांबला की इशारा देणारी तिसरी वायर असलेला मिळाला तर तोच घ्या आणि ती वायर एका लहान दिव्याला जोडा. इंजिनच्या आवाजात पंखा बंद पडलेला कधीच कळत नाही.

६. भोकं पाडताना

भोकं पाडण्याआधी प्रत्येक उपकरण बाहेर काढा. कापड झाकून ड्रिल केलं तर चालेल, असं मीही समजत होतो. नंतर भिंगाखाली रेडिओच्या कनेक्टरकडे पाहिलं तर दोन पिनांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा केसाएवढा, गुंडाळी झालेला किस अडकलेला होता. वीज दिली असती तर त्या दोन पिना जोडल्या गेल्या असत्या. तो चिमट्याने काढताना हात थरथरत होता.

ग्लेअरशील्डच्या भोकांवर बारीक जाळी हवीच. विंडशील्डजवळ पेन, स्क्रू, चष्म्याची काडी पडतेच, आणि ती सरळ पॅनेलमागे जाते. ग्लेअरशील्डवर कापड लावत असाल तर ते काळं, मंद आणि न पेटणारं निवडा. तुकडा कापून बाहेर नेऊन त्याला काडी लावून बघा.

७. वायरिंग

पंखे उपकरणांच्याच, म्हणजे एव्हिऑनिक्स बसवर जोडा, म्हणजे रेडिओ लागला की पंखे लागतील. वेगळं बटण ठेवू नका. घाईत ते विसरलं जातं आणि विसरलेल्या दिवशीच ४३ अंश असतात. फ्यूज मात्र प्रत्येक पंख्याला स्वतंत्र द्या. अडकलेल्या पंख्याने रेडिओचा फ्यूज उडवता कामा नये.

पंख्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून न्या आणि अर्थिंग उपकरणांच्याच सामाईक बिंदूवर आणा. आपला विमान-रेडिओ एएम पद्धतीचा असतो, त्यामुळे मोटारीची खरखर त्यात लगेच घुसते. कानाला हेडफोन लावा, स्क्वेल्च (रेडिओचा पार्श्व-आवाज दाबणारी सोय) उघडा, तुमच्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सी एकेक करून ऐका आणि मदतनिसाला पंख्याचा फ्यूज काढायला-घालायला सांगा. फरक ऐकू आला तर पंख्याजवळच्या वायरीवर फेराइटचा मणी घाला.

८. होकायंत्र आणि कंट्रोल तपासा

बिनब्रशच्या पंख्यात चुंबक असतो. होकायंत्र बहुधा ग्लेअरशील्डवरच असतं, म्हणजे पंख्याच्या अगदी शेजारी. पंखा हातात धरून होकायंत्राकडे हळूहळू न्या आणि सुई कुठे हलायला लागते ते बघा. त्याच्या दुप्पट अंतर ठेवा. बसवून झाल्यावर पंखे चालू ठेवून होकायंत्राचं स्विंग (विमान वेगवेगळ्या दिशांना वळवून चूक मोजणं) पुन्हा करा आणि विचलनाचा तक्ता नवा लिहा. स्क्रीनला दिशा कळवणारा मॅग्नेटोमीटर विमानाच्या पंखात असेल तर त्याची काळजी नाही.

त्यानंतर रडर, ब्रेक, स्टिक, सगळं पूर्ण टोकापर्यंत हलवा आणि टॉर्च घेऊन पॅनेलखाली झोपून बघा. लोंबलेली नळी पेडलच्या दांड्यात अडकू शकते. नळी दर १५ सेंटिमीटरला बांधा. हे काम दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या. आपणच बांधलेल्या गोष्टीत आपल्याला चूक दिसत नाही. माझ्या मामांनी, ज्यांचा विमानाशी काही संबंध नाही, पहिल्याच नजरेत विचारलं, "ही नळी तुझ्या पायाला लागत नाही का रे?" लागत होती.

९. मोजा, आणि लिहून ठेवा

एक थर्मोकपल सर्वांत तापणाऱ्या उपकरणाच्या वरच्या पाठीवर, दुसरं बाहेर पडणाऱ्या हवेत. सगळी उपकरणं चालू, कॅनोपी बंद, विमान उन्हात. दर पाच मिनिटांनी आकडे वहीत, एकूण अर्धा तास. आधी पंख्यांविना, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पंख्यांसह. स्क्रीनला स्वतःचं आतलं तापमान दाखवायची सोय असेल तर तेही लिहा. बॅटरी उतरू नये म्हणून वीज बाहेरच्या पॉवर सप्लायमधून द्या.

माझी नवी रचना पहिल्या दिवशी ७१ वर गेलेल्या रेडिओची पाठ ५६ वर आणून थांबली. शेवटचा एक अंश आडपट्टी दोन सेंटिमीटर सरकवल्यावर मिळाला. तापमान-पट्ट्या ६०, ६५, ७० अंशांच्या लावा आणि वर्षभर तशाच राहू द्या. तुम्ही विमानाजवळ नसताना काय घडलं ते त्या सांगतात.

१०. कागदपत्रं

काम छोटं असलं तरी त्याची नोंद छोटी नाही. फाइलमध्ये एवढं असू द्या:

- प्रत्येक उपकरणाचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल, थंड हवेबद्दलच्या पानावर खूण करून
- विजेच्या भाराचा तक्ता, पंखे धरून
- सुधारलेला वायरिंगचा नकाशा, फ्यूजच्या आकड्यांसह
- वजन आणि तोलाचा नवा हिशेब. पंखे हलके असतात, पण ब्लोअर, नळ्या, कंस मिळून अर्धा-पाऊण किलो होतो
- तापमानाच्या चाचणीची वही आणि फोटो
- होकायंत्राचा नवा तक्ता
- लॉगबुकातली सही-तारखेची नोंद

विमानाची नोंदणी आणि उड्डाणयोग्यता डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) असते, रेडिओचा परवाना दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडे. पॅनेलमध्ये कापाकापी करण्याआधी तपासनीसाशी बोलून घ्या, मग नकाशा, मग करवत. मी उलट्या क्रमाने गेलो आणि एक कंस पुन्हा बनवावा लागला.

११. विमान उभं असताना

पॅनेल कितीही चांगलं केलं तरी उन्हात उभ्या विमानात शिरलेली उष्णता आधी बाहेर घालवावी लागते. कॅनोपीला बाहेरून पांढरं किंवा चंदेरी कव्हर घाला. आतून लावलेला पडदा तेवढा उपयोगी नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. उन्हाळ्यात विमान असं उभं करा की दुपारचं ऊन पॅनेलवर सरळ पडणार नाही.

निघताना कॅनोपी उघडून दहा मिनिटं थांबा. नेहमीची जोडणी तशीच ठेवून, उपकरणं बंद असताना बॅटरीवर फक्त पंखे चालवता येतील अशी जादा सोय करता आली तर फारच छान. इंजिन लावा, प्रोपेलरची हवा आत येऊ द्या आणि पॅनेलमागचा थर्मामीटर ५५ च्या खाली आल्यावरच स्क्रीन आणि रेडिओ लावा. नियंत्रित विमानतळावर रेडिओ आधी लागतो, तेव्हा तो लावा आणि बाकीचं थांबवून ठेवा. शक्य असेल तर मे महिन्यातलं उड्डाण सकाळी नऊच्या आत उरका. मालव्याची रात्र उन्हाळ्यातही पॅनेल गार करून ठेवते, त्याचा फायदा घ्या.

आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि फोममध्ये घट्ट बसते. मार्च ते जून फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढा, साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा. ओला फिल्टर लावला तर ती ओल सरळ रेडिओत जाते. पाऊस सुरू झाला की जाळीला बुरशी लागते का ते बघा. दिवाळीनंतर एकदा पंख्याची पाती हाताने फिरवून बघा. अडखळत असतील तर पंखा तेव्हाच बदला, पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबू नका.